डेटाबेसमधील डीएनएस नोंदी आणि एस्केप चिन्हांचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

संगणकाच्या जाळ्यावरील प्रत्येक संकेतस्थळास एक नाव असते आणि त्या नावामागे अंकांचा एक पत्ता असतो. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेस डोमेन नेम सिस्टिम, संक्षेपाने डीएनएस, असे म्हणतात. महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडणे, प्रवेशासंबंधीचे ई-मेल विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे, परीक्षा विभागाचा पत्रव्यवहार चालणे या साऱ्यांचा पाया ही व्यवस्था आहे. तिच्यातील नोंदी आरंभीच्या काळात साध्या मजकुराच्या फायलींत लिहिल्या जात. पुढे संस्थांची आणि नावांची संख्या वाढली, तसतशा या नोंदी डेटाबेसमध्ये ठेवण्याची पद्धत रूढ झाली. या स्थलांतरात एक प्रश्न निर्माण झाला. तो वरवर अत्यंत क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचे परिणाम दूरवर जातात. नोंदीतील टिंब, अवतरणचिन्ह, अर्धविराम, रिकामी जागा यांसारखी विशेष चिन्हे डेटाबेसमध्ये नेमकी कोणत्या रूपात साठवावीत, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची तीन अंगांनी चिकित्सा करावयाची आहे : मूळ नियमग्रंथात याविषयी काय सांगितले आहे, डेटाबेसमध्ये आल्यावर त्या नियमाचे काय होते, आणि मराठी नावांच्या संदर्भात हा प्रश्न कोणते रूप घेतो. उदाहरणांतील नावे व अंक वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष नोंदीत ते इंग्रजी लिपीत असतात.

मूळ तरतूद :

डीएनएसची प्रमाणभूत मांडणी पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये आरएफसी १०३४ व आरएफसी १०३५ या दोन दस्तऐवजांत केली. यांपैकी दुसऱ्या दस्तऐवजाच्या पाचव्या विभागात नोंदी मजकुराच्या रूपात कशा लिहाव्यात, याचे नियम आहेत. तेथे टिंब हे नावाचे घटक वेगळे करते, अर्धविरामापासून टिप्पणी सुरू होते, दुहेरी अवतरणचिन्हांत सलग मजकूर येतो आणि 'ॲट' चिन्ह चालू क्षेत्राचे मूळ दर्शविते. यांपैकी एखादे चिन्ह खुद्द नावातच यावयाचे असेल तर काय करावे? त्यासाठी बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ, योजली आहे. तिच्यापुढे अंक नसलेले कोणतेही चिन्ह आले, तर त्या चिन्हाचा विशेष अर्थ स्थगित होतो. तिच्यापुढे तीन अंक आले, तर ते अंक एका बाइटचे दशमान मूल्य समजावयाचे. म्हणजे '\.' आणि '\०४६' ही दोन्ही एकाच टिंबाची रूपे होत. विशेष अर्थापासून अशी सुटका करणाऱ्या चिन्हास एस्केप चिन्ह म्हणतात.

हा प्रकार भारतीय परंपरेस अपरिचित नाही. पाणिनीच्या व्याकरणात प्रत्ययांना काही वर्ण केवळ सूचनेसाठी जोडलेले असतात. त्यांना 'इत्' ही संज्ञा आहे. 'क्त' प्रत्ययातील ककार आपले कार्य सूचित करून लोप पावतो आणि 'गत' या सिद्ध रूपात केवळ तकार उरतो. एस्केप चिन्हाचे स्वरूप नेमके असेच आहे. ते लेखनपद्धतीचे अंग आहे, नावाचे नव्हे. वाचणाऱ्या यंत्रणेस सूचना देऊन त्याने नाहीसे व्हावे, अशी अपेक्षा असते. ते जेथे लोप पावावयास हवे तेथे टिकून राहिले, किंवा जेथे टिकावयास हवे तेथे आधीच लोप पावले, तर सिद्ध रूप चुकते. या विषयातील बहुतेक सर्व दोष या दोन प्रकारांत मोडतात.

आरएफसी १०३५ मध्येच याचे एक बोलके उदाहरण आहे. क्षेत्राच्या आरंभीच्या नोंदीत व्यवस्थापकाचा ई-मेल पत्ता द्यावा लागतो. पण तेथे 'ॲट' चिन्हाऐवजी टिंब लिहितात. पहिले टिंब हाच वापरकर्त्याचे नाव व क्षेत्र यांमधील विभाजक मानला जातो. वापरकर्त्याच्या नावातच टिंब असेल, तर त्यामागे बॅकस्लॅश द्यावा लागतो. दस्तऐवजातील नमुन्यात 'ॲक्शन\.डोमेन्स' असे लिहिले आहे, ते याच कारणाने. हाच नियम एखाद्या कल्पित महाविद्यालयास लावल्यास 'प्राचार्य\.कार्यालय.महाविद्यालय.उदाहरण' अशी नोंद होईल. यातील बॅकस्लॅश गळून पडला, तर पत्ता 'प्राचार्य.कार्यालय' या खात्याचा न राहता 'कार्यालय' या अस्तित्वात नसलेल्या उपक्षेत्रातील 'प्राचार्य' या खात्याचा होतो. यंत्रणा मात्र कोणतीही त्रुटी दाखवीत नाही. कारण दोन्ही नोंदी व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत.

तरतुदीतील उणिवा :

या तरतुदीचे श्रेय मान्य करूनही तिच्यातील काही उणिवा नोंदविणे आवश्यक आहे.

पहिली उणीव अशी की, येथे एकाच नावाची अनेक लेखनरूपे सारखीच ग्राह्य ठरतात. इंग्रजीतील 'ए' हे लहान लिपीतील अक्षर जसेच्या तसे लिहिता येते, त्यामागे बॅकस्लॅश देऊन लिहिता येते, किंवा '\०९७' असेही लिहिता येते. डीएनएसच्या दृष्टीने ही तिन्ही एकच होत. परंतु यांपैकी प्रमाणरूप कोणते, हे दस्तऐवज सांगत नाही. फाइल वाचून लगेच बाइटांत रूपांतर करावयाचे असेल तेव्हा याने काही बिघडत नाही. डेटाबेस मात्र तुलना करतो ती लेखनाची. त्याच्या लेखी ही तीन वेगळी नावे ठरतात आणि एकमेवतेचा निर्बंध त्यांस रोखू शकत नाही.

दुसरी उणीव दशमान मूल्याची आहे. सी भाषेत आणि तिच्या परंपरेतील अनेक साधनांत बॅकस्लॅशपुढील तीन अंक अष्टमान मानले जातात. दशमान ४६ म्हणजे टिंब. पण अष्टमान ०४६ म्हणजे दशमान ३८, अर्थात 'आणि' या अर्थाचे अँपरसँड चिन्ह. एकाच लेखनाचे दोन परंपरांत दोन अर्थ होतात. याखेरीज, तीन अंकांची संख्या २५५ पेक्षा मोठी आल्यास काय करावे, याचाही तेथे उल्लेख नाही.

पुढील काळात काही प्रमाणात स्पष्टीकरण झाले. जुलै १९९७ मधील आरएफसी २१८१ ने नावाच्या घटकात कोणतेही बाइट येऊ शकतात, हे निःसंदिग्धपणे सांगितले. जानेवारी २००६ मध्ये डोनाल्ड ईस्टलेक यांनी आरएफसी ४३४३ मध्ये असामान्य नावांच्या एस्केप लेखनास स्वतंत्र विभाग दिला आणि स्वतःच्याच नावाचे उदाहरण योजले. त्यात रिकाम्या जागेसाठी '\०३२' लिहून लगेच 'तिसरा' या अर्थाचा ३ हा अंक येतो, त्यामुळे '\०३२३' असे लेखन होते. अंक नेमके तीनच का असले पाहिजेत, हे या एका उदाहरणातून स्पष्ट होते. तथापि, नोंदी साठविताना कोणते रूप स्वीकारावे, या प्रश्नास याही दस्तऐवजांत उत्तर नाही.

डेटाबेसमधील थर :

पॉवरडीएनएससारख्या प्रणालींत नोंदी थेट मायएसक्यूएल वा पोस्टग्रेसच्या तक्त्यांतून वाचता येतात. ही सोय मोठी आहे. परंतु डेटाबेसची स्वतःचीही एक लेखनपद्धती असते आणि तिलाही एस्केप चिन्हे आहेत. दुर्दैवाने अनेक ठिकाणी तेच बॅकस्लॅश चिन्ह दोन्हींकडे वापरले जाते.

मायएसक्यूएलच्या नेहमीच्या मांडणीत अवतरणातील बॅकस्लॅश हे एस्केप चिन्ह असते आणि ओळखीचा संकेत नसल्यास ते निमूटपणे गाळले जाते. त्यामुळे वरील 'प्राचार्य\.कार्यालय' ही नोंद थेट आज्ञेत लिहिल्यास तक्त्यात 'प्राचार्य.कार्यालय' एवढेच उतरते. '\०३२' ची अवस्था याहून वाईट होते. कारण तेथे '\०' म्हणजे शून्य मूल्याचा बाइट. परिणामी रिकाम्या जागेऐवजी एक अदृश्य शून्य बाइट आणि त्यापुढे '३२' हे अंक साठविले जातात. पोस्टग्रेसमध्ये २०११ मधील ९.१ या आवृत्तीपासून साध्या अवतरणातील बॅकस्लॅशला मूलतः विशेष अर्थ राहिलेला नाही. तेथे हीच आज्ञा अपेक्षित परिणाम देते. अर्थात, एका डेटाबेसवर पारखून घेतलेली आज्ञा दुसऱ्यावर चुकीची नोंद करू शकते.

शोधाच्या आज्ञेत आणखी एक थर वाढतो. 'लाइक' या तुलनेत अधोरेषा म्हणजे कोणतेही एक चिन्ह. ई-मेलच्या सुरक्षिततेसाठीच्या अनेक नोंदींची नावे अधोरेषेनेच सुरू होतात. त्यामुळे अशा नोंदी शोधून पुसून टाकणारी आज्ञा भलत्याच नोंदींना स्पर्श करू शकते. मायएसक्यूएलमध्ये या तुलनेत एक बॅकस्लॅश शोधण्यासाठी चार लिहावे लागतात. व्यवस्थापनाचा पडदा वेबवरून चालत असेल, तर जेसन या स्वरूपाचा चौथा थर येतो आणि तेथेही बॅकस्लॅश दुप्पट करावा लागतो. प्रत्येक थर आपापल्या जागी सुसंगत आहे. दोष उद्भवतो तो एका थराचे चिन्ह दुसऱ्या थराचे समजल्यामुळे.

हा प्रश्न जुना होऊन मिटलेला नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९४६० मधील नव्या प्रकारच्या नोंदींत स्वल्पविरामाने विभागलेली यादी येते. त्या यादीचे एस्केप वेगळे आणि मजकुराचे वेगळे, अशी द्विस्तरीय रचना तेथे करावी लागली आहे. तेथील नमुन्यात मूळच्या एका बॅकस्लॅशसाठी चार लिहिलेले आढळतात.

लांबीचा प्रश्नही याच गुंत्याचा भाग आहे. डीएनएसमधील संपूर्ण नाव २५५ बाइटांपेक्षा मोठे असू शकत नाही. हे पाहून तक्त्यातील नावाचा स्तंभ २५५ चिन्हांचा ठेवण्याचा प्रघात पडला. पॉवरडीएनएसच्या मायएसक्यूएल तक्त्यातही तो तसाच आहे. परंतु एस्केप रूपात एका बाइटला चार चिन्हे लागू शकतात. नावातील प्रत्येक बाइट असा लिहावा लागल्यास लेखन १००४ चिन्हांपर्यंत जाते. अशी नावे व्यवहारात विरळा असली, तरी नावाचे माप लेखनास लावणे ही तात्त्विक गफलत आहे.

ई-मेलच्या नोंदी आणि महाविद्यालये :

या चर्चेचा अध्यापकवर्गाशी थेट संबंध ई-मेलमुळे येतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने ई-मेल पाठविणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तिन्ही व्यवस्था आवश्यक केल्या. गूगलने यासाठी आपल्या खात्यांना दिवसाला ५००० ई-मेलची मर्यादा धरली आहे. या तिन्ही व्यवस्था डीएनएसमधील मजकूर-नोंदींवर अवलंबून आहेत.

डीकेआयएमच्या नोंदीत सार्वजनिक किल्ली असते आणि तिचे घटक अर्धविरामाने विभागलेले असतात. अर्धविराम हे फाइलीत टिप्पणीचे चिन्ह असले, तरी अवतरणचिन्हांच्या आत त्यास विशेष अर्थ नसतो. तेथे बॅकस्लॅशची गरजच नाही. तथापि, नोंदी तपासण्याची काही जुनी साधने उत्तर दाखविताना अर्धविरामामागे बॅकस्लॅश छापीत असत. ते उत्तर पाहून नोंद उतरवून घेतल्यास बॅकस्लॅशही डेटाबेसमध्ये येतो. वाचणारी प्रणाली एस्केप सोडवीत असेल, तर हानी होत नाही. ती साठविलेला मजकूर जसाच्या तसा पाठवीत असेल, तर आवृत्तीच्या मूल्यास बॅकस्लॅश चिकटतो, ते मूल्य प्रमाण मूल्याशी जुळत नाही आणि पडताळणी करणारा संगणक संपूर्ण नोंद अग्राह्य ठरवितो. पाठविणाऱ्यास हे कळत नाही. विद्यार्थ्याचे प्रवेशपत्र नको असलेल्या पत्रांच्या पेटीत पडते, किंवा पोहोचतच नाही. एका बॅकस्लॅशचे मोल अंतिमतः तो विद्यार्थी मोजतो.

देवनागरी नावे : कऱ्हाड आणि इस्लामपूर

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील 'भारत' हे क्षेत्र खुले झाले आणि मराठीतून नाव नोंदविणे शक्य झाले. तथापि, मूळ डीएनएसमध्ये ही नावे देवनागरीत जात नाहीत. मार्च २००३ मधील आरएफसी ३४९२ ने सांगितलेल्या प्युनिकोड पद्धतीने त्यांचे इंग्रजी अक्षरे, अंक व जोडरेषा यांत रूपांतर होते. हेही एक प्रकारचे एस्केपच होय. मात्र त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याचे प्रमाणरूप एकच आहे. आरएफसी १०३५ मध्ये जे राहून गेले, ते येथे साधले आहे.

परंतु रूपांतरापूर्वीचे मराठी लेखनच एकविध नसेल तर? सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडचे नाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. त्यातील 'ऱ्ह' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात नुक्तायुक्त 'ऱ' व हलन्त वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. आंतरराष्ट्रीय नावांच्या २००३ मधील नियमांनुसार हे जोडचिन्ह रूपांतरात गाळले जाई; तेव्हा 'कऱ्हाड' चे 'कर्हाड' होई. २०१० मधील सुधारित नियमांनी ते हलन्तानंतर मान्य केले. दरम्यान, मायएसक्यूएलच्या युनिकोड-आधारित तुलनापद्धतीत ते नगण्य मानले जाते. म्हणजे डीएनएस ज्या दोन नावांत भेद करते, ती डेटाबेसला एकच वाटतात. इंग्रजी 'ए' च्या उदाहरणात नेमके याच्या उलट घडले होते. मराठी भाषकास हा भेद उपेक्षणीय वाटणार नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन भिन्न शब्द आहेत.

मजकूर-नोंदीत देवनागरी थेट बाइटांच्या रूपात येऊ शकते. 'भ' या एका अक्षराचे एस्केप रूप '\२२४\१६४\१७३' असे होते. म्हणजे तीन बाइट आणि बारा चिन्हे. ते मायएसक्यूएलच्या आज्ञेत निष्काळजीपणे लिहिल्यास केवळ नऊ अंकांची एक निरर्थक रांग उरते. याउलट एस्केप रूपाचा एक लाभही मान्य करावयास हवा. पडद्यावर न दिसणारे ते जोडचिन्ह '\२२६\१२८\१४१' असे लिहिल्यावर उघड दिसते. तपासणीसाठी हे रूप उपयुक्त आहे. साठवणीसाठी मात्र ते तितकेच योग्य ठरते, असे म्हणता येत नाही.

हे दोष बहुधा स्थलांतराच्या वेळी उघडकीस येतात आणि इस्लामपूर परिसरास हा प्रसंग दूरचा नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने इस्लामपूरचे ईश्वरपूर असे नामांतर करण्याचा निर्णय विधानसभेत जाहीर केला. गावाचे नाव शासननिर्णयाने बदलते. डीएनएसमधील नाव मात्र नवीन नोंदवावे लागते, जुने काही काळ चालू ठेवावे लागते आणि एका नावाखालील सर्व नोंदी दुसऱ्याखाली उतरवाव्या लागतात. ज्या संस्थेच्या संकेतस्थळाच्या वा ई-मेलच्या पत्त्यात गावाचे नाव गुंफलेले असेल, तिने असा बदल करावयाचे ठरविल्यास प्रत्येक नोंद किमान एकदा डेटाबेसमधून बाहेर पडून पुन्हा आत जाईल. प्रत्येक उंबरठ्यावर एस्केप सुटण्याची वा दुप्पट होण्याची शक्यता असते. शिवाय 'ईश्वरपूर' मधील दीर्घ 'ई' ऱ्हस्व लिहिली गेल्यास ते डीएनएसच्या दृष्टीने सर्वस्वी वेगळे नाव ठरेल, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

दोन पक्ष :

साठवणीविषयी दोन भूमिका घेतल्या जातात. पहिल्या भूमिकेनुसार नोंद फाइलीत जशी लिहिली जाते तशीच, एस्केपसहित, डेटाबेसमध्ये ठेवावी. ती माणसास वाचता येते, फाइलीशी ताडून पाहता येते आणि अपरिचित प्रकारच्या नोंदीही त्याच रीतीने सामावून घेता येतात. हे लाभ खरे आहेत. दुसऱ्या भूमिकेनुसार एस्केप सोडवून मूळ बाइट ठेवावेत आणि बाहेर देताना आवश्यक ते एस्केप करावे. यात तुलना, शोध व लांबी यांचे प्रश्न सुटतात. पण तक्ता उघडून पाहणाऱ्यास नोंद सहज वाचता येत नाही.

तात्त्विकदृष्ट्या दुसरी भूमिका अधिक सबळ आहे. कारण ती नाव आणि नावाचे लेखन यांत भेद करते. तथापि, प्रचलित प्रणाली पहिल्या भूमिकेवर उभ्या असल्याने ती सरसकट त्याज्य ठरविणे व्यवहार्य नाही. खरा दोष दोहोंपैकी कोणत्याही एका भूमिकेत नसून त्यांच्या मिश्रणात आहे. एकाच स्तंभात काही नोंदी एस्केपसहित आणि काही एस्केपरहित असतील, तर '\\' हे दोन बॅकस्लॅश आहेत की एकाचे लेखनरूप, हे नोंदीवरून सांगता येत नाही. अशा तक्त्याची दुरुस्ती कोणत्याही आज्ञेने होत नाही. प्रत्येक नोंदीचा मूळ हेतू शोधावा लागतो. ग्रंथसंपादनात लेखनिकाने मधेच आपली पद्धत बदललेली पोथी ज्या अडचणी निर्माण करते, त्या याच जातीच्या असतात.

निष्कर्ष :

१. एस्केप चिन्ह हे नावाचा भाग नसून लेखनाचा भाग आहे. आरएफसी १०३५ मध्ये हा भेद अभिप्रेत आहे. परंतु प्रमाण लेखनरूप सांगितलेले नसल्याने डेटाबेसमध्ये तो लोप पावतो.

२. प्रत्येक स्तंभात कोणते रूप साठविले आहे, हे लेखी नमूद असावे. एस्केप रूप ठेवावयाचे असल्यास त्याचे एकच प्रमाणरूप ठरवावे आणि नोंद आत घेतानाच तिला ते रूप द्यावे.

३. मूल्ये आज्ञेच्या मजकुरात न गुंफता स्वतंत्र प्राचल म्हणून पाठवावीत. त्यायोगे डेटाबेसच्या अवतरणाचा थर चर्चेतूनच वगळला जातो. 'लाइक' तुलनेचा थर मात्र तरीही शिल्लक राहतो.

४. लांबीचे निर्बंध सोडविलेल्या बाइटांवर तपासावेत, लेखनातील चिन्हांवर नव्हे.

५. मराठी नावांसाठी नुक्तायुक्त 'ऱ' आणि जोडचिन्ह यांपैकी एक रूप संस्थेने निश्चित करावे व नोंदणीपूर्वी सर्व नावे त्या रूपात आणावीत.

६. स्थलांतरानंतर नोंद आत घेऊन, बाहेर काढून, पुन्हा आत घेतली असता बाइट बदलत नाहीत, याची खात्री करावी. या परीक्षेत टिंब, अवतरणचिन्ह, अर्धविराम, बॅकस्लॅश, रिकामी जागा आणि 'ऱ्ह' असलेले एक नाव यांचा समावेश असावा.

संगणकशास्त्राच्या अध्यापनात हा विषय बहुधा प्रात्यक्षिकातील एक किरकोळ अडचण म्हणून येतो आणि एखादा बॅकस्लॅश वाढवून वा कमी करून ती दूर केली जाते. चिन्ह कोणत्या थराचे आहे, हे न विचारता केलेली अशी दुरुस्ती दोष पुढच्या थरावर ढकलते. चिन्ह आणि अर्थ यांतील भेद भाषेच्या अभ्यासकास सुपरिचित आहे. तोच भेद विद्यार्थ्यास डीएनएसच्या एका साध्या नोंदीत दाखवून देता आला, तर या विषयाचे अध्यापन भाषा आणि संगणकशास्त्र या दोन्ही विभागांस उपकारक ठरेल.